डंकाच्या आवाजाची नोटीस आली तर सुनावणीआधी काय काय जमवायचं

आमचा चटणीचा डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं मशीन, पेठेत, घराच्या खालीच. कोल्हापुरात मार्च ते मे घरोघरी वर्षाची चटणी होते त्यामुळं तेव्हा मशीनला उसंत नसते. गेल्या सीझनला शेजारच्यांनी तक्रार केली, आवाज मोजून गेले, डंक बंद करायची नोटीस आली, आणि सुनावणीत मी हरलो ते एका कागदापायी. म्हणून हे लिहितोय.

लायसन, लाइटबिल, घरफाळ्याची पावती हे सांगायला नको. नोटीस हातात पडली ती तारीख तिच्यावरच लिहून ठेवा आणि कुठल्या कायद्याचं कलम लावलंय ते बघा, लिहिलं नसेल तर लेखी विचारा. ध्वनी प्रदूषण नियम २००० मधला आदेश असेल तर नियम ८ खाली त्याच अधिकाऱ्याकडं तो बदला किंवा रद्द करा असा अर्ज करता येतो, तुमचं ऐकून घ्यावं लागतं आणि अर्ज फेटाळला तर कारणं लिहावी लागतात. लायसनच्या अटीवरनं कारवाई असेल तर वाट वेगळी, तिथं वकील गाठा.

आता मेन. बंद मशीनचं रीडिंग. मोजणीच्या कागदावर चालू मशीनचे ६१ डेसिबल होते, राहत्या भागाला दिवसाची मर्यादा ५५, झालं, दोषी. पण समोरनं केएमटीच्या बस, ट्रक, रिक्षा सारख्या चालू असतात, डंक बंद असताना तिथं किती भरतं हे कुणी मोजलं नाही आणि मोजा असं मी म्हटलंच नाही! नंतर भाड्यानं मीटर आणून बघितलं तर नुसत्या रस्त्याचे ५८. आणि इथं ६१ वजा ५८, म्हणजे डंकाचे ३, असं होत नाही, डेसिबलची वजाबाकी तशी नसते, ३ चा फरक म्हणजे डंकाचा आवाज साधारण रस्त्याएवढाच. हे सुनावणीआधी हातात असतं तर बोलायला जागा होती. तेव्हा लेखी अर्ज द्या की माझ्यासमोर, त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच मीटरनं, आधी मशीन बंद ठेवून आणि मग चालू करून फेरमोजणी करा. बंद आधी. मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबू नका, तो पुरावा म्हणून कुणी धरत नाही.

मोजणीचा कागद मागून घ्या. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (मीटर बरोबर मोजतो याचा दाखला) आहे का, आकडा सरासरीचा आहे का एका ठोक्याचा (नियमातली मर्यादा सरासरीची आहे), मीटर कुठं धरला होता, आणि बंद मशीनचं रीडिंग आहे का. देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपये भरून मागा, ३० दिवस लागू शकतात म्हणून पहिल्याच दिवशी टाका. झोन दाखला, म्हणजे जागा राहत्या भागात का व्यापारी त्याचा कागद, तो पण काढा, व्यापारी भाग निघाला तर दिवसाची मर्यादा ६५ होते. तक्रारीला आवाज मर्यादेपेक्षा १० किंवा जास्त डेसिबलनं वर लागतो हे नियम ७ मधलं पण दाखवा.

शेजाऱ्यांकडं सुनावणीआधी जाऊन या, खरंच जावा. मी गेलो नव्हतो. त्यांच्या आजींना दुपारी झोप लागत नव्हती, ते मला सुनावणीत कळलं आणि लई वाईट वाटलं. ठोक्याचा दणका जमिनीतनं भिंतीत जातो, मशीनखाली जाड रबर पॅड घाला, दुपारी दोन तास बंद ठेवा, बिल आणि फोटो जोडा. रात्री १० नंतर अजिबात नाही, तेव्हा राहत्या भागाला मर्यादा ४५ आहे.

प्रत्येक अर्जाची पोच, शिक्क्यासकट. सुनावणीत थोडकं बोला, लेखी म्हणणं द्या. तिथं नाही जमलं तर १८ ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची फेरी नाही, पण खर्च आहे. फाइलीत सगळ्यात वर बंद मशीनचं रीडिंग लावा. नसेल तर फेरमोजणीच्या अर्जाची पोच दाखवून तारीख वाढवून मागा.