नर्सिंगचे सिद्धांत फायलीत अडकतात कुठे? केअर प्लॅन लिहिताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या आसपास रेंगाळतो आणि त्याच सुमारास माझ्या टेबलावर नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या केस स्टडीच्या फायलींचा ढीग येतो. फाईल उघडायच्या आधीच पहिलं पान मला पाठ असतं: ‘सदर रुग्णासाठी डोरोथिया ओरेम यांचा स्वयंकाळजी सिद्धांत वापरला आहे.’ ओरेम या अमेरिकन नर्स; पेशंट स्वतःची काळजी स्वतः किती घेऊ शकतो, यावर त्यांचा सिद्धांत उभा आहे. तो का वापरला, असं विचारलं की उत्तर येतं, ‘मॅडम, सीनियर ताईच्या फायलीत तोच होता.’

अशा वेळी मी मुलींना एक काम देते. सिद्धांताचं नाव जिथं जिथं आलंय तिथं पेन्सिलीनं खोडायचं आणि प्लॅन परत वाचायचा. दर चार तासांनी बीपी, दोन तासांनी कूस बदलणं, औषधं वेळेवर... एकही ओळ हलली नाही, तर सिद्धांत वापरलेला नाही, वरून चिकटवलाय.

सिद्धांत आधी, पेशंट नंतर

सगळ्यात मोठी चूक हीच. थर्ड इयरच्या एका मुलीला सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) तरुण पेशंट मिळाला होता, गडचिरोलीकडचा. सांधे ठणकत होते, सलाईन चालू होतं. तिनं लिहिलं: पूर्ण भरपाईची पद्धत. ओरेमनं नर्सच्या कामाच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत. पेशंटसाठी सगळं आपणच करायचं, काही आपण आणि काही त्यानं करायचं, किंवा करायचं त्यानंच आणि आपण फक्त शिकवायचं, आधार द्यायचा. मुलीनं ‘बेडवर आहे’ एवढंच बघितलं आणि पहिल्या पद्धतीवर शिक्का मारला.

पण ओरेमचा प्रश्न बेडचा नाहीच. या माणसाला तब्येत सांभाळायला स्वतःसाठी काय काय करावं लागतं, आणि त्यातलं किती त्याच्याच्यानं होतं? या दोहोंमधली तफावत म्हणजे तूट, आणि नर्सचं काम त्या तुटीपुरतं. हा पोरगा स्वतः जेवत होता, पाणी पीत होता, दुखणं कुठं आणि किती हे नेमकं सांगत होता. वॉर्डात त्याची तूट थोडी होती. खरी तूट घरी होती, आणि प्लॅनमध्ये घराबद्दल एकच ओळ होती: ‘भरपूर पाणी पिणे व उन्हात न जाण्याविषयी आरोग्यशिक्षण दिले.’

तो म्हणाला, ‘उन्हात नोका जाऊ म्हणता सिस्टर, मंग पानं कोण तोडंल?’

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. हातात रोख पैसा येतो तो तेव्हाच. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकायला जोर येतो, रक्तवाहिन्या तुंबतात आणि ठणका सुरू होतो. म्हणजे त्याचं पोट ज्या कामावर, तेच काम त्याला दवाखान्यात आणतं. ‘उन्हात जाऊ नका’ हे वाक्य खरं आहे, पण निरुपयोगी आहे. मग आम्ही त्याच्याशी आणि आईशी बसून ठरवलं: पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, पाण्याची कॅन स्वतःजवळच ठेवायची, पुडे बांधायचं काम सावलीत करायचं, पहिली कळ आली की थांबायचं. ही तिसरी पद्धत झाली. पहिलीचा काही संबंधच नव्हता.

आईचं नाव मात्र मूळ प्लॅनमध्ये कुठंच नव्हतं, आणि ही चूक आपल्याकडे घरोघरची. अंग पुसणं, भरवणं, रात्री जागणं, अर्धी शुश्रूषा नातेवाईकच करतात. दुसऱ्याची काळजी घेणाऱ्या अशा माणसांना ओरेमच्या मांडणीत जागा आहे. आपणच ती रिकामी सोडतो.

‘संस्कृती’च्या रकान्यात गैरसमज भरणं

याच फायलीत ‘आदिवासी भाग, अंधश्रद्धेची शक्यता’ असंही लिहिलं होतं. विचारलं होतं का? नाही. मॅडलिन लेनिंजर नर्स होत्या आणि मानववंशशास्त्रज्ञही. न्यू गिनीत लोकांमध्ये राहून त्यांनी काम केलं. पेशंटच्या रीतींतलं काय जपायचं, कशाशी जुळवून घ्यायचं, काय बदलायला मदत करायची, असे तीन मार्ग त्यांनी मांडले. तिन्हींच्या आधी विचारणं येतं. गावाच्या किंवा आडनावाच्या नावावरून अंदाज बांधणं म्हणजे लेनिंजरच्या नावाखाली नेमकं उलटं काम. वरची पहाटेची तडजोड हा त्यांचा दुसरा मार्ग होता, आणि तो सापडला त्या पोराच्या एका प्रश्नामुळे.

नाइटिंगेल म्हणजे फक्त दिवा

12 मे ला, नाइटिंगेलच्या जन्मदिवशी, परिचारिका दिन असतो; त्या दिवशीच्या भाषणांत दिवा असतो, खिडकी नसते. 1859 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं लिहिलं ते मुख्यतः शुद्ध हवा, स्वच्छ पाणी, सांडपाणी, स्वच्छता आणि उजेड यांबद्दल. पेशंटची हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध हवी, पण त्याला गारठा लागू नये, ही तिची पहिली अट. गारठ्याची चिंता नागपुरात मे महिन्यात कोण करतो म्हणा! पण कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद केलेला वॉर्ड बघा. हवेला बाहेर जायला वाट नसली की दमटपणा साठतो, गारवा जातो आणि घाम सुकत नाही. समोरची एक खिडकी उघडणं हा शंभर टक्के सिद्धांतावर आधारलेला उपचार आहे, आणि तो चार्टवर लिहिता येतो. विनाकारण गोंगाटावरही तिनं खडसावून लिहिलंय. व्हिजिटिंगच्या वेळेला मोबाईलवर मोठ्यानं चालणारे व्हिडिओ तिनं ऐकायला हवे होते.

काही छोट्या गफलती

मास्लो मानसशास्त्रज्ञ होते. त्यांची गरजांची उतरंड वापरा, पण तिला नर्सिंगचा सिद्धांत म्हणू नका; गरजांवरच जायचं तर व्हर्जिनिया हेंडरसनच्या 14 मूलभूत गरजा आहेत. नर्सिंग प्रोसेसही सिद्धांत नाही. ती कामाच्या पायऱ्या सांगते. पाहणी करताना काय शोधायचं ते सिद्धांत सांगतो. पॅट्रिशिया बेनर (1984) पेशंटच्या केअर प्लॅनमध्ये दिसल्या की मला हसू येतं, कारण नवखी ते निष्णात हा त्यांचा प्रवास नर्सचा आहे, पेशंटचा नाही. नर्स आणि पेशंटच्या नात्याबद्दल लिहिणाऱ्या हिल्डेगार्ड पेप्लाऊ (1952) मनोरुग्णालयाच्या पोस्टिंगमध्ये खुलतात, पण ओळख, विश्वास, मिळून काम आणि निरोप हे टप्पे जनरल वॉर्डातल्या चार दिवसांतही घडतात. निरोपाचा टप्पा आपण डिस्चार्ज पेपर हातात कोंबून उरकतो.

‘वॉर्डात एवढा वेळ कुठंय?’

ही तक्रार खोटी नाही. एकीच्या वाट्याला किती बेड येतात ते मी बघते. पण पाच पानी तक्ता कुणी मागत नाहीये. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, दर पेशंटमागे एक वाक्य वाढवा: घरी गेल्यावर याला काय जमणार नाही? त्या थर्ड इयरच्या मुलीनं तीन दिवसांनी नाईटच्या सिस्टरला सांगितलं ते असं: ‘बेड 12, सिकलसेल, दुखणं कमी आहे, पाणी नीट पितोय. फॉलिक ॲसिडची गोळी कोणती ते आईला वाचता येत नाही. पाकिटावर पिवळी पट्टी लावलीय, सकाळी तिच्याकडून एकदा ओळखून घ्या.’