मोजपट्टीच्या आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या

पहिली-दुसरीतल्या मुलांना मोजपट्टी दिली की ती टोकाचा आकडा वाचून मोकळी होतात. त्या आकड्यापर्यंत किती सेंटिमीटर एकापुढे एक बसले, हे त्यांना दिसत नाही. म्हणून मोजपट्टी सगळ्यात शेवटी द्या.

सुरुवात वितेने. एकच बाक प्रत्येकाने मोजायचा, मग बाईंनी. बाईंची वीत मोठी, म्हणून आकडा लहान येतो. असं का झालं, ते मुलांनाच शोधू द्या. सांगून टाकू नका.

नंतर जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून 10 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद पट्ट्या कापा. चार मुलांच्या गटाला 12 पुरतात. बाकाच्या कडेने टोकाला टोक लावून मांडायच्या. मधे फट राहिली तर पट्ट्या कमी लागतात, एकीवर दुसरी चढली किंवा ओळ वाकडी गेली तर जास्त. शेजारच्या गटाचा आकडा वेगळा आला की मुलं आपणहून चूक शोधू लागतात. जमलं की गटाला एकच पट्टी द्या: खडूने खूण करायची, पट्टी पुढे सरकवायची. खुणेऐवजी बोट ठेवलं, तर दर वेळी बोटाची जाडी मधे जाते आणि आकडा कमी भरतो.

आता 1 सेंमी चौकटींच्या कागदाची घरची मोजपट्टी. चौकटी आलटून-पालटून रंगवा. आकडा चौकटीच्या पोटात नको, ती संपते त्या रेघेवर हवा. पहिल्या रेघेवर 0. विकतच्या मोजपट्टीत 0 बहुधा कडेपासून थोडा आत असतो, आणि मुलं कड जुळवतात. समज तपासायला पेन्सिल 3 पासून 9 पर्यंत ठेवा. ‘9’ म्हणणारा टोक वाचतो, ‘7’ म्हणणारा रेघा मोजतो. चौकटी मोजणाऱ्यालाच 6 मिळतात.

आकारांसाठी याच पट्ट्या घ्या. दोन्ही टोकांपासून 1 सेंमीवर भोक पाडून दोऱ्याने सैलसर बांधा. चार पट्ट्यांचा चौरस कोपऱ्यात दाबला की शंकरपाळी होते: बाजू तेवढ्याच, कोपरे बदलले. तीन पट्ट्यांचा त्रिकोण दाबून बघायला सांगा. तो हलत नाही. चौरस नुसता फिरवून टोकावर उभा केला तर बरीच मुलं त्यालाही शंकरपाळीच म्हणतात. अशा वेळी वहीचा कोपरा आत बसवून बघू द्या. फळ्यावर त्रिकोण नेहमी आडव्या पायावर काढू नका. उलटा, लांबुळका, कललेलाही काढा, आणि शेजारी एक बाजू वाकडी असलेली फसवी आकृती ठेवा.