ध्रुवीय बर्फातली अशुद्धी वाचायला शिकवणारा बर्फगाभा, घरच्या फ्रीझरमध्ये

ध्रुवावरच्या बर्फातली अशुद्धी बहुतेकदा अब्जात काही भाग इतकीच असते. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी बर्फगाभ्याचा (ध्रुवीय बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या दंडगोलाचा, ज्यात खाली जुने आणि वर नवे थर असतात) हा नमुना करताना निम्मं लक्ष स्वच्छतेवर द्या.

डिस्टिल्ड वॉटर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बॅटरीवाल्याकडे मिळेल. नळाचं किंवा आरओचं पाणी नको, त्यात क्षार राहतातच. आतून ५० मिमी व्यासाची, २५ सेंमी लांब पीव्हीसी नळी उभी चिरून टेपने परत जोडा, म्हणजे गाभा न तापवता निघेल. खाली घट्ट झाकण लावा.

प्रत्येक थर ५० मिलीचा, म्हणजे साधारण अडीच सेंमी. सगळ्यात खाली हिमयुग: पाण्यात लिंबूसत्वाचे दोन-तीन दाणे, चिमूटभर शिरोळकडची काळी माती, आणि पीएच कागद आम्ल दाखवायचा थांबेपर्यंत थेंब थेंब चुन्याची निवळी. पन्हाळ्याची तांबडी माती इथे चालत नाही, तिच्यात चुना कमी. त्यावर एक साधा थर (नुसतं डिस्टिल्ड वॉटर). मग समुद्र: लिटरभर पाण्यात १ ग्रॅम मीठ, त्यातलं ५ मिली घेऊन १०० मिली करा. पुन्हा साधा थर, आणि वर दोन ज्वालामुखी (नुसतं लिंबूसत्व, तितकेच दाणे), मधे साधा थर सोडून. खऱ्या बर्फात तिथे सल्फ्युरिक आम्ल असतं, ते घरी हाताळू नका.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. गोठताना बर्फ क्षारांना बाहेर ढकलतो, ते शेवटी गोठणाऱ्या पाण्यात साचतात आणि पुढच्या थरात शिरतात. ध्रुवावर हिम दबून बर्फ होतो, पाणी होतच नाही, म्हणून तिथले थर टिकतात. आपण थर पातळ ठेवायचे, खालचा पूर्ण कडक झाल्यावरच वरचा ओतायचा, तोही बर्फाइतका गार करून. वीज गेली तर फ्रीझर उघडू नका.

कापताना हातमोजे घाला, घामातलं मीठही टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) दिसतं. प्रत्येक तुकड्याची बाहेरची ५ मिमी खरवडून टाका, झाकणाच्या भांड्यात वितळवा, खोलीच्या तापमानाला आल्यावर टीडीएस मोजा. आधी कोऱ्या डिस्टिल्डचं माप घ्या. मिठाच्या थराचं ५० पीपीएमच्या (दशलक्षात ५० भाग) आसपास यायला हवं.

टीडीएस मीटरला सगळे आयन (पाण्यातले विद्युतभारित कण) सारखेच, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. मीटर वर आणि कागद लाल: ज्वालामुखी. मीटर वर पण कागद तसाच: मीठ, नाहीतर चुन्याने मारलेलं आम्ल, तळाशी गाळ असेल तर दुसरं. ग्रीनलंडच्या हिमयुगीन बर्फात हेच घडतं: आशियातल्या वाळवंटांची चुनखडीयुक्त धूळ आम्ल खाऊन टाकते, आणि आम्लावर चालणारं विद्युत-मापन जवळपास गप्प होतं.

गाभ्यातल्या वरच्या दोन ज्वालामुखींची जोडी म्हणजे १८०९चा अज्ञात उद्रेक आणि १८१५चा तंबोरा. दोघांच्या खुणा दोन्ही ध्रुवांवर सापडतात, म्हणून उद्रेक विषुववृत्ताजवळचे असं ठरतं. गाभ्याचं वय पक्कं करायला संशोधक अशाच जोड्या शोधतात.