मंगळागौरीला नेसायला काय घ्यावं (फुगडी घालता येईल असं!)

श्रावण तोंडावर आला की पहिली मंगळागौर असलेल्या सगळ्याजणी पैठण्या बघायला लागतात, पण साडी घ्यायच्या आधी त्या दिवशी आपल्याला काय काय करायचंय ते डोळ्यासमोर आणा. सकाळी पूजेला तास-दीड तास पाटावर मांडी घालून बसायचं, मग जेवणं, आणि नंतर झिम्मा फुगडी पिंगा सूप नाचवणं, जागरण असेल तर पार पहाटेपर्यंत. एका साडीत हे सगळं नाही होत, दोन ठेवाच.

पूजेला पैठणी खुशाल नेसा, मिरवायचाच दिवस आहे तो. फक्त नेसताना निऱ्या जरा सैल ठेवा, नाहीतर मांडी घातली की साडी गुडघ्यांवर ताणते आणि सगळं लक्ष तिकडेच. नवीन गडद सुती साडी असेल तर आधी एकदा नुसत्या पाण्यातून काढा, घाम आला की रंग जातो.

खेळांना मात्र सुती किंवा कॉटनसिल्क नऊवारीच घ्या, इरकल मस्त, नारायणपेठही छान दिसते. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड असतं, त्यात जड जरी असली तर श्रावणातल्या दमट हवेत तासाभरात जीव नकोसा होतो. नेसता येत नसेल तर शिवलेली घ्या, त्यात काहीही कमीपणा नाही, पण नुसती आरशात बघून घेऊ नका. दुकानातच ओणवं व्हा, उकिडवं बसा, पाय फाकवून उभं राहा. काष्ट्याजवळची शिवण ताणली तर एक साइज मोठी मागा. नेसायचीच असेल तर काष्टा घट्ट खोचून घ्या आणि पदर कमरेला गुंडाळून पक्का खोचा, मोकळा पदर फुगडीत पायात येतो. आत सुती शॉर्ट्स घालाच, मांड्या घासत नाहीत.

ब्लाउजकडे कोणी बघतच नाही आणि खरा त्रास तिथेच होतो. मुंढा तंग असला तर झिम्म्याला हात वर केले की काखेत उसवतो, म्हणून ट्रायलला दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवून बघा, टेलर हसला तर हसू दे. अस्तर सुतीच सांगा.

काचेच्या बांगड्या पूजेपुरत्या ठीक, फुगडीआधी बऱ्याचशा काढून ठेवा, हात घट्ट धरले की फुटतात आणि मनगटाला लागतात. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मिळते, ती खेळताना काढून पर्समध्ये टाका. फरशीवर खेळायचं असेल तर मोजे नकोत, अनवाणीच बरं.

घरातल्या छोट्या मुलींना खणाचं परकर पोलकं शिवणार असाल तर जरीचा काठ गळ्याला आणि काखेला टोचणार नाही असा लावायला सांगा, नाहीतर आरतीच्या आतच फ्रॉक मागतात.