कॅज्युअल्टीच्या नकाशात आधी स्ट्रेचरची वाट आखा

तालुक्याच्या गावी 50-100 खाटांचे रुग्णालय बांधताना ओपीडी, बिलाची खिडकी आणि औषधांचे दुकान नकाशावर आधी बसते. कॅज्युअल्टीच्या वाट्याला उरलेला कोपरा येतो. हा क्रम उलटा करा. रुग्णवाहिकेच्या मागच्या दारापासून पहिल्या खाटेपर्यंत रेघ ओढा. ती 15 मीटरच्या आत आणि फार तर एका वळणाची असावी. भिंती त्यानंतर.

रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा चढा नको. जोते 60 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 7.2 मीटर लांब लागतो. जागा कमी पडली की तडजोड नेमकी इथेच होते, आणि मग दोन वॉर्डबॉय लावूनही ट्रॉली चढत नाही. शक्य असेल तर रस्ताच जोत्याच्या पातळीला आणा, म्हणजे चढ गाडी चढेल. दारासमोर किमान अडीच मीटर सपाट जागा ठेवा, नाहीतर दार उघडेपर्यंत ट्रॉली मागे घरंगळते. फरशी खरबरीत हवी. पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसात घसरतो. छत दोन रुग्णवाहिका शेजारी-शेजारी उभ्या राहतील एवढे पसरट ठेवा.

दार 1.8 मीटर रुंद, दोन झडपांचे, बिनउंबऱ्याचे. आतला बोळ 2.4 मीटरचा, त्यात बाकडी, वजनकाटा, पाण्याचा कूलर काहीही नको.

शेतीच्या भागात दाराबाहेर, छताखालीच, आडोसा करून शॉवर बांधा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झालेले शेतमजूर मोठ्या संख्येने दवाखान्यांत आले होते. अशा रुग्णाचे कपडे काढून त्याला साबणपाण्याने धुतल्याशिवाय आत घेतले, तर विष त्याच्या अंगात भिनत राहते आणि सिस्टर-डॉक्टरांनाही बाधते. ट्रॉली मावेल अशी 3 बाय 2.5 मीटर जागा, हातात धरायचा फवारा, कोमट पाणी आणि निचऱ्यासाठी वेगळे बंद टाके करा. उघड्या गटारात ते पाणी सोडू नका.

खरी कसोटी लाल विभागाची, म्हणजे जीव वाचवायच्या खाटांची. दर खाटेला सुमारे 20 चौरस मीटर द्या. खाट भिंतीला चिकटवू नका: डोक्यामागे 90 सेंटिमीटर मोकळे हवे, कारण श्वासनलिकेत नळी घालणारा तिथेच उभा राहतो. दोन्ही बाजूंना 1.2 मीटर सोडा. ऑक्सिजनचे दोन, सक्शनचे (घशातला स्राव ओढून घेण्याचे) दोन आणि हवेचा एक पॉइंट, शिवाय किमान 12 सॉकेट, त्यांतले निम्मे यूपीएसवर. हे सगळे छतातून उतरलेल्या खांबावर घ्या. मागच्या भिंतीवर दिले, तर नळ्या आणि वायरी डोक्यामागच्या माणसाच्या पायांत येतात.

जनरेटर चालू व्हायला काही सेकंद जातात. तेवढ्यात जुने सक्शन मशीन बंद पडते, म्हणून यूपीएस. जनरेटर आणि मुख्य पॅनेल तळघरात कधीच नको. मुंबईत 2005, सांगली-कोल्हापुरात 2019, चिपळूणमध्ये 2021 च्या पुराची पाणीरेषा विचारा आणि तिच्या वर बसवा. नाशिकला एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि रुग्ण दगावले. म्हणून लाल विभागाला स्वतंत्र राखीव सिलिंडर जोडून ठेवा. सुमारे 7,000 लिटरचा जंबो सिलिंडर मिनिटाला 15 लिटरने एका रुग्णाला साडेसात तास पुरतो, दोघांना पावणेचार.

एक्स-रे त्याच मजल्यावर, कॅज्युअल्टीला लागून घ्या. सिस्टरच्या टेबलावरून पिवळ्या विभागातल्या, म्हणजे तातडीच्या पण लगेच जिवावर न बेतलेल्या रुग्णांच्या, सगळ्या खाटा दिसल्या पाहिजेत. नातेवाइकांची जागा आणि पोलिसांचे टेबल दाराच्या एका अंगाला, ट्रॉलीच्या वाटेबाहेर. थांबायच्या हॉलच्या भिंतीतही ऑक्सिजनचे पाच-सहा पॉइंट झाकून ठेवा. बस उलटली की तोच हॉल वॉर्ड होतो.

निविदा काढण्याआधी मोकळ्या मैदानावर फक्कीने पूर्ण मापाचा नकाशा आखा. भरलेली ट्रॉली, सिलिंडर आणि चार माणसे घेऊन दारापासून एक्स-रेपर्यंत पळा. जिथे कोपरा लागतो किंवा कुणाला आडवे चालावे लागते, ती रेघ तिथेच पुसून नवी मारा.