एकाच बाईच्या दोन नोंदी: गुंता असा सुटला

सोलापुरात कर्करोग नोंदणीचं काम करताना मला सगळ्यात जास्त छळलं ते दुबार नावांनी. बायोप्सीच्या कागदावर माहेरचं आडनाव, रेडिएशनच्या केसपेपरवर सासरचं. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं तर जो तो आपल्या कानाने लिहितो. एक बाई दोनदा मोजली की तालुक्याचा आकडाच खोटा.

आता नावापासून सुरुवात करत नाही. आधी कर्करोग कुठल्या अवयवाचा, त्याच्या ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कोडने यादी गाळते (गर्भाशयमुखासाठी सी५३), मग गाव, मग वय, तेही दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून. उरलेल्या जोड्या पॅथॉलॉजी रिपोर्ट ताडूनच एकत्र करते. निदानाची तारीख पहिलीच ठेवायची. तरी शंका राहिली तर गावच्या आशा सेविकेकडून फक्त पत्ता पडताळते, आजाराचं नाव काढत नाही.