सोलापुरात इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासवर शिकवायला लागताय? आधी हे वाचा

छोट्या क्लासवर नवीन लागलेल्या सर-मॅडमना पहिल्याच आठवड्यात मालक विचारतात, "पोर्शन कुठपर्यंत आला?" दिसायला साधा प्रश्न, पण सगळा घोटाळा इथून सुरू होतो. मी स्वतः यात बरेच दिवस गुरफटले होते, त्यामुळे यावर जरा जास्तच लिहिणार आहे. फळा, हजेरी, वर्कशीट हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

भिंतीवर 'आमची उद्दिष्टे' अशी फ्रेम असते: आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व विकास, अस्खलित इंग्रजी. रजिस्टरमध्ये मात्र सोमवारी सिंपल प्रेझेंट, मंगळवारी प्रेझेंट कंटिन्युअस, असं करत तीन महिन्यांत बाराच्या बारा टेन्स. फ्रेममधलं मोजायचं कसं ते कुणी सांगत नाही. रजिस्टरमधलं मोजता येतं, पण त्यातून फक्त तुम्ही काय उरकलंत तेवढं कळतं. समोरच्याला काय जमतं, याची नोंद कुठेच नसते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काम करणारा मुलगा आमच्या बॅचला होता. टेन्सच्या टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मार्क. बाहेरच्या पार्टीचा फोन आला की मात्र रिसीव्हर शेजारच्याच्या हातात. त्याची गरज केवढी? जीएसएम (म्हणजे कापडाचं चौरस मीटरला वजन) किती, लॉट कधी निघेल, रंगाच्या शेडमध्ये फरक का पडला, एवढं चार वाक्यांत सांगता आलं की झालं. माल 'बाय फ्रायडे' तयार होणार की 'ऑन फ्रायडे', हे त्याला बाराव्या टेन्सपेक्षा जास्त कामाचं होतं, आणि ते आमच्या पोर्शनमध्ये नव्हतंच.

म्हणून तासाचं उद्दिष्ट असं लिहा: 'तास संपल्यावर विद्यार्थी फोनवर माल कधी निघेल ते सांगेल, उशीर होणार असेल तर कारण देईल.' वाक्याचा कर्ता विद्यार्थी हवा आणि क्रियापद डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल असं हवं. 'समजेल', 'माहिती होईल' असलं काही लिहिलंत तर खोडा. शेवटची दहा मिनिटं दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवा आणि फोनवर बोलायला लावा. तुम्ही गप्प. वहीत फक्त कोण कुठे अडलं ते टिपा आणि उद्याचा तास तिथून सुरू करा. पोर्शन मागे पडेल. पडू दे. मालक चिडले तर ती वही त्यांच्यासमोर ठेवा. बहुतेकांना पटतं, निदान ते दोन दिवस शांत बसतात.

उद्दिष्टं सुचत नसतील तर २००१ साली युरोपच्या कौन्सिलने काढलेली सीईएफआर पातळ्यांची चौकट नेटवर फुकट आहे. ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर माणसाला काय काय करता येतं त्याची वाक्यं. त्यातली आपल्या बॅचला लागू पडतील तेवढी उचला. सिनियर सरांची वही झेरॉक्स मारण्यापेक्षा हे कधीही बरं. सरांच्या तासाला मागच्या बाकावर जरूर बसा, पण सरांकडे बघू नका, पोरांकडे बघा.

आता '९० दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या बोर्डाबद्दल. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन महिन्यांत ७५ तासांच्या आसपास होतात. केंब्रिजच्या अंदाजाने शून्यापासून ए२ गाठायलाच १८० ते २०० तास लागतात आणि बी१ला ३५० ते ४००. आपल्याकडे २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे पोरं अगदी शून्यावर नसतात. पण तोंड उघडायची सवय जवळजवळ शून्यच. ॲडमिशनला आलेल्याला हे स्पष्ट सांगा. काही जण जिना उतरून समोरच्या क्लासला जातील. जाऊ द्यात. खोटं सांगून घेतलेली फी तिसऱ्या महिन्यात तुमच्याच टेबलावर भांडण घेऊन येते, मालकांच्या नाही.

मराठी बोललं की दहा रुपये दंड, ही पद्धत मला मनापासून आवडत नाही. आपल्या पूर्व भागातली मुलगी घरी तेलुगू, गल्लीत मराठी, मैत्रिणीशी हिंदी बोलते, आणि आपण तिच्या नावापुढे 'वीक' लिहितो! तेलुगू-कन्नड घरातली पोरं कधीकधी 'बस्सु', 'कारु' म्हणतात, कारण त्या भाषांत शब्दाच्या शेवटी स्वर येतो. हसू नका, बॅचलाही हसू देऊ नका. पण सोडूनही देऊ नका, पुण्याच्या इंटरव्ह्यूत ते खटकतं. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग शेवटचं व्यंजन बंद करायचा सराव सगळ्यांकडूनच करून घ्या.

तुमचं स्वतःचं शिक्षण झेडपीच्या शाळेत झालंय म्हणून घाबरताय? उलट चांगलंय. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' कुठून येतं ते तुम्हाला पुस्तक न उघडता कळतं.

बायकांच्या दुपारच्या बॅचला नळाला पाणी येण्याच्या दिवशी निम्मी हजेरी असते आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत कुणालाच धरून ठेवता येत नाही. त्या दिवशी नवीन काही काढू नका, उजळणी घ्या. गैरहजेरीवरून बोलणं तर अजिबात नको.

नोकरी धरण्याआधी एक विचारा: बॅचला किती जण? तासाला तीस पोरं असली आणि तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, तरी एकेकाच्या वाट्याला दोनच मिनिटं येतात. बाराच्या वर घेणार नाही म्हणणारे मालक सोलापुरात सापडणं अवघड आहे, पण जोड्या करून बोलू देणारे सापडतात. आणि पगार तासावर की महिन्यावर, सुट्टीचे पैसे कापणार का, हे कागदावर घ्या.